पाचाला का सोडलं?

पारगाव सोडून गाडी जरा वेगाला लागते न लागते तोच पुढं उसाची ट्रॉली कलंडली, आणि शिरूर-दौंड एसटी रस्त्यातच उभी राहिली. कंडक्टर खाली उतरून बघून आला. "तासभर तरी हालत नाही," म्हणाला आणि स्वतःच एक कांडं उचलून सोलत बसला. जानेवारीतली सकाळ होती. नदीकडून आलेलं धुकं अजून शेतांवरून उठलं नव्हतं. बघता बघता अर्धी गाडी रिकामी झाली आणि रस्त्यावर सांडलेल्या उसाला भिडली.

म्हाळसा मात्र जागेवरच बसून राहिली. दौंडच्या एका खासगी दवाखान्यात ती आया होती. दहाची ड्यूटी. तिनं सुषमा सिस्टरांना फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं, पिशवीतून वही काढली आणि गणित सोडवायला घेतलं. दहावीची परीक्षा सहा-सात आठवड्यांवर आली होती. सोळाव्या वर्षी एका गणितात राहिली होती ती, चार मार्कांनी. त्याला आता सहा वर्षं झाली होती. सुषमा सिस्टर म्हणाल्या होत्या, "तू दहावी काढ, नर्सिंगच्या सहायक कोर्सला तुझं नाव मी स्वतः घालते. पेशंटला तुझ्यासारखा हात लावणारी दुसरी नाही माझ्याकडं." म्हणून तिनं पुन्हा फॉर्म भरला होता.

गणित सुटलं. वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळवलं... चुकलं. तिनं खोडरबर घेतलं आणि सगळं खसाखसा पुसायला लागली.

"फाटेल तो कागद," शेजारून आवाज आला.

शेजारी खिडकीशी एक तरुण होता. ती न्हावऱ्याला चढली तेव्हा त्याच्या शेजारचीच काय ती एक जागा रिकामी होती. तेव्हापासून तो काचेला डोकं टेकून गाढ झोपलेला. गाडी थांबली तशी त्याला जाग आली असावी. डोळ्यांत अजून झोप होती, आणि गालावर खिडकीच्या रबराचा वळ.

"फाटू द्या," ती म्हणाली. "माझाच हाय."

"बरोबर." तो हसला. मग तिच्या मांडीवरच्या जुन्या कागदांकडं बघून म्हणाला, "आणि हे?"

"माझी उत्तरपत्रिका. झेरॉक्स हाय, नापास झाले तवाची. त्यातलीच गणितं परत सोडवून बघते." हे बोलून झाल्यावर तिला वाटलं, अनोळखी माणसाला कशाला सांगितलं. पण आता बोलून गेली होती.

"बघू का? ...नको असेल तर राहू द्या."

म्हाळसानं कागद पुढं केले. तिला ठाऊक होतं पुढं काय होणार. चार ओळी वाचायच्या, तोंडातल्या तोंडात हसायचं, आणि 'नियमित सराव करा' म्हणायचं. आजवर सगळ्यांनी तेच केलं होतं.

तो हसला नाही. खिशातून पेन्सिल काढून त्यानं पहिल्या पानापासून सुरुवात केली. एक ओळ, मग दुसरी. मधेच मागचं पान उलटायचा, पुन्हा पुढं यायचा. खाली लोक ऊस खात होते, कुणीतरी ट्रॉलीला दोर बांधत होतं. म्हाळसा त्याच्या हातांकडं बघत राहिली. नखांच्या कडेला काळसर तेल होतं, पण पेन्सिल इतकी हलकी धरली होती की कागदाला लागतेय की नाही कळू नये. इतका वेळ आपलं कुणी काही वाचलंय असं तिला आठवेना.

"चार ठिकाणी," तो शेवटी म्हणाला. चार जागी त्यानं छोटे गोल केले होते. "आणि चारही ठिकाणी एकच चूक. दुसरी चूक शोधली, सापडली नाही."

"एकच?"

"हे बघा ना." त्यानं तिच्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं:

x/2 + 5 = x/3 + 8

"सोडवा. मी बघतो, बोलत नाही."

म्हाळसानं सोडवलं. दोन आणि तीनचा लसावि सहा. सहानं गुणलं की x/2 चे झाले 3x, x/3 चे 2x. छेद गेले. मग 3x + 5 = 2x + 8, आणि x बरोबर तीन.

"आता तीन ठेवून बघा मूळ गणितात."

तिनं ठेवले. डावीकडं साडेसहा आले, उजवीकडं नऊ. तिचा चेहरा पडला.

"सहानं गुणलंत ना?" तो म्हणाला. "मग पाचाला का सोडलं?"

"त्याच्या खाली छेदच न्हाई. त्याला कशाला गुणायचं?"

"तेच," तो म्हणाला, आणि असा खूश झाला जणू हरवलेली किल्ली सापडली. "पंगतीला वाढताना कसं करता तुम्ही? ज्याच्या पानात कमी दिसतंय त्यालाच वाढून पुढं जाता?"

"न्हाई... रांगेनं सगळ्यांना."

"इथंही तेच. सहानं गुणायला निघालात की बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडचे, पलीकडचे, सगळे त्यात आले. छेद असो नसो. पाचाचे तीस. आठाचे अठ्ठेचाळीस."

तिनं लिहिलं. 3x + 30 = 2x + 48. x बरोबर अठरा. अठरा ठेवून बघितले. डावीकडं चौदा, उजवीकडंही चौदा.

तिनं ते पुन्हा केलं. मग झेरॉक्समधलं पहिलं गोल केलेलं गणित केलं, मग दुसरं. दोन्ही सुटली.

"मी सणसवाडीला कंपनीत इन्स्पेक्शनला आहे," तो सांगत होता. "पार्ट तपासायचे दिवसभर. एकाच जागी परत परत फॉल्ट येत असेल ना, तर मशीन खराब नसतं. सेटिंग जरासं हललेलं असतं. तुमचं तसंच आहे."

मशीन खराब नसतं. सहा वर्षं म्हाळसानं 'हिच्या डोक्यात गणित बसत न्हाई' एवढंच ऐकलं होतं. घरात, शाळेत, शेवटी स्वतःच्या तोंडून. तिनं मान खाली घातली आणि वहीवर पडलेला थेंब ओढणीनं टिपला. तो खिडकीबाहेर बघायला लागला. ट्रॉली सरळ झाली होती, पण त्याचं तिकडं लक्ष होतं असं वाटत नव्हतं.

"नाव काय तुमचं?" गाडी सुरू झाल्यावर त्यानं विचारलं.

"म्हाळसा."

"खरंच?"

"आबांनी खंडोबाला नवस केला व्हता, पोरगा होऊ दे म्हणून. झाले मी. मग म्हणले, नाव तरी देवाच्या घरचं ठेवू."

"देवानं बरोबर ऐकलं मग," तो म्हणाला, आणि स्वतःच गोंधळून कानामागं खाजवत बसला. त्याचं नाव सुदर्शन. घर दौंडला, खोली शिरूरला, आणि गुरुवारी सुट्टी म्हणून दर गुरुवारी याच गाडीनं आईकडं जायचा.

त्या दिवशी दौंडच्या स्टँडवर उतरताना नंबर तिनं मागितला. "गणित अडलं तर," म्हणाली.

"नाही अडलं तरी चालेल," तो म्हणाला.

मग रोज सकाळी फोनवर एक गणित यायला लागलं. फक्त गणित, ना फूल, ना शुभ सकाळ. ती सोडवून फोटो पाठवायची, आणि तिकडून यायचं, 'ओके'. चुकलं तर यायचं, 'रिवर्क'. घरच्या शेतात शेवंती तोडताना, पेशंटची चादर बदलताना म्हाळसाच्या डोक्यात लसावि फिरायचे. आणि गुरुवारी न्हावऱ्याला गाडी थांबली की तिसऱ्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा. शेजारच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरलेली असायची.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी कंसाचं गणित निघालं. x/2 मधून (x − 3)/4 वजा केले तर उरतात तीन. सुदर्शननं झरझर सोडवून दाखवलं. चारानं गुणलं, 2x − x − 3 बरोबर बारा, म्हणून x पंधरा.

म्हाळसा पानाकडं बघत राहिली. मग हळूच पंधरा ठेवून बघितले.

"साडेचार येतायत," ती म्हणाली.

"काय?"

"तीन यायला पाहिजेत. साडेचार येतायत." तिनं त्याच्या हातातली पेन्सिल घेतली. "वजा सगळ्या कंसाला हाय. आतलं वजा तीन बाहेर येताना अधिक तीन व्हतंय. 2x − x + 3 बरोबर बारा. x नऊ." आणि त्याच्या ओळीला तिनं छान गोल केला. "रिवर्क."

सुदर्शन हसायला लागला. इतका, की पुढच्या सीटवरच्या मावशींनी वळून बघितलं. "शिकवलं कुणी हे?"

"हाय एक जण. बरा शिकवतो. कंसात जरा कच्चा हाय."

पुढचा अर्धा तास दोघांनी एकही गणित सोडवलं नाही. काय बोलले ते दोघांनाही नंतर नीट सांगता आलं नसतं.

दर गुरुवारी एकाच सीटवर बसलेली दोन माणसं कुणाच्या नजरेत येत नाहीत असं होत नाही. न्हावऱ्याच्या डेअरीवर बोलणं झालं, आणि ते दुधाच्या किटलीबरोबर म्हाळसाच्या आबांपर्यंत, मारुतरावांपर्यंत पोचलं. आबांनी पोरीला काही विचारलं नाही. बुधवारी जेवताना एवढंच म्हणाले, "उद्या मी बी येतो. दौंडला औषध आणायचंय फवारणीचं."

म्हाळसाचा घास तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खिडकीतून हात बाहेर आला, आणि मागून चढणारा फेटा दिसताच आत गेला. आबा त्या दोघांच्या बरोबर मागच्या सीटवर बसले.

"नमस्कार आबा," सुदर्शन उभा राहून म्हणाला.

"बसा. चालू द्या तुमचं."

काय चालू देणार... सुदर्शनचा आवाज एकदम शाळेतल्या सरांसारखा झाला. "तर विद्यार्थ्यांनी" असंसुद्धा तो एकदा म्हणून गेला, आणि म्हाळसानं हसू दाबायला ओढणी तोंडाशी धरली. पण गणित सुरू झालं तशी दोघंही मागचा फेटा विसरली. तिनं एक सोडवलं, मग दुसरं. एकात अडली, तो बोलला नाही, वाट बघत राहिला. तिनं स्वतःच चूक शोधली. अर्धा तास झाला. मागून आबांचा हात पुढं आला.

"ती जुनी कागदं दाखव गं."

झेरॉक्स हातात घेऊन त्यांनी डोळ्यांपासून लांब धरले. "हे गोल कुणी केलं?"

"मी," सुदर्शन म्हणाला.

"चारी ठिकाणी काय चुकलंय?"

"एकच गोष्ट, आबा. ती त्यांना कळली आता. परत होत नाही."

आबा बराच वेळ त्या कागदांकडं बघत राहिले. गाडीनं केडगावचं स्टेशन मागं टाकलं. मग म्हणाले, "तवा ही कापी म्याच मागवली व्हती. वाटलं मार्क द्यायला चुकले आस्तील. शाळंतल्या सरांनी बेरीज तपासली. बरोबर हाय म्हणले. म्या बी बेरीजच बघितली. आतलं कुणी वाचलं न्हाई." त्यांनी कागदांची नीट घडी घातली. "आन् पोरीला म्हणलो, तुला जमायचं न्हाई, र्‍हाऊ दे आता. तिनं ऐकलं बिचारीनं."

"आबा, जाऊ द्या," म्हाळसा म्हणाली.

"जाऊ द्या कसं? चूक माझी बी हाय की." मग सुदर्शनकडं बघून ते म्हणाले, "तुमी वाचलंत. लई उपकार झाले."

 सुदर्शन नुसता मान हलवत राहिला.

चौफुल्याला गाडी दहा मिनिटं थांबायची. आबा खाली उतरले. जरा वेळानं खिडकीतून दोन गरम वडापाव आत आले. "घ्या," आबा बाहेरून म्हणाले. "मी इथनंच माघारी जातो."

"आणि फवारणीचं औषध?" म्हाळसानं विचारलं.

"हाय घरात," ते म्हणाले, आणि चहाच्या टपरीकडं चालू लागले.

परीक्षेआधीचा शेवटचा गुरुवार. सुदर्शन त्या दिवशी कंपनीच्या गणवेशातच होता. निळा शर्ट, खिशाला ओळखपत्र, डोळे लाल. दोन गणितं झाली आणि तिसरं ती सोडवत असताना त्याचं डोकं खांद्यावर कललं. म्हाळसाच्या खांद्यावर. ती हलली नाही. वहीवर पेन्सिल तशीच धरून, रस्त्यातला प्रत्येक खड्डा अंगावर घेत बसली. धुरकट, तेलकट वास येत होता त्याच्या केसांना. तिला तो अजिबात वाईट वाटला नाही.

पाटसजवळ एका गतिरोधकानं त्याला उठवलं. तो घाईघाईनं सरळ झाला.

"सुट्टीच्या दिवशी गणवेश?" तिनं विचारलं.

"रात्रीची तिसरी शिफ्ट करून आलो. तसाच बसलो गाडीत."

"गुरुवारी सुट्टी असती ना?"

त्यानं खिशावरचं ओळखपत्र सरळ केलं. मग म्हणाला, "सोमवारी असते आता. महिना झाला बदलली."

म्हाळसानं मनात हिशेब केला. महिनाभरात चार गुरुवार. चारही गुरुवारी रुमाल टाकलेला होता. "मग दर गुरुवारी..."

"दुसऱ्याची तिसरी शिफ्ट मी करतो, तो माझी सकाळची करतो. चालतं. त्यालाही बरं पडतं."

"झोपता कवा मग?"

"झोपलो की आत्ता."

ती खाली बघत राहिली. 'थँक्यू' हा शब्द इतका तोकडा वाटला की तिनं तो तोंडातच ठेवला. "कशाला पण?" एवढंच विचारलं. "फोनवर बी झालं असतं गणित."

"फोनवर गणित होतं," सुदर्शन म्हणाला. "बाकीचं नाही होत."

"बाकीचं... म्हंजी?"

दौंडचा स्टँड आला. लोक उठले, पिशव्या ओढायला लागले. तो म्हणाला, "परीक्षा होऊ दे. आता डोक्यात फक्त गणित ठेवा."

"तुमच्या डोक्यात काय हाय?"

"ते परीक्षेनंतर," तो म्हणाला, आणि गर्दीनं त्याला दारापर्यंत नेलं.

पेपरला छेदांची तीन गणितं आली. म्हाळसानं तिन्ही सोडवली, उत्तरं मूळ गणितात ठेवून बघितली, आणि अर्धा तास शिल्लक असताना पेन खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला परीक्षेत वेळ उरला होता.

निकाल मे महिन्यात लागला, एका मंगळवारी दुपारी. ती वॉर्डात एका आजीला सूप भरवत होती. सुषमा सिस्टर मोबाईल घेऊन आल्या आणि काही न बोलता स्क्रीन तिच्यासमोर धरली. गणित, अठ्ठावन्न. म्हाळसानं वाटी खाली ठेवली नाही. उरलेलं सूप आजीला भरवलं, तोंड पुसलं, आणि मग बाहेर जिन्यावर जाऊन मनसोक्त रडली. सुषमा सिस्टर तिच्या शेजारी येऊन पायरीवर बसल्या. "जूनमध्ये कोर्स सुरू होतोय," म्हणाल्या. "नाव घातलंय मी. निकालाच्या आधीच घातलं होतं."

सुदर्शनला तिनं फोन केला. त्यानं मार्क दोनदा विचारून घेतले. मग म्हणाला, "ओके." आणि त्या 'ओके'चा आवाज ओला होता.

पुढच्या सोमवारी मारुतराव न्हावऱ्याहून गुलछडीची मोठी जुडी आणि पेढ्यांचा पुडा घेऊन पोरीबरोबर दौंडला आले. रेल्वे लाईनीच्या पलीकडं दोन खोल्यांचं घर होतं. सुदर्शनची आई कस्तुराबाई दारात शिलाई मशीनवर साडीला फॉल लावत होत्या. त्या उठल्या, पाहुण्यांना पाणी दिलं, फुलं घेतली आणि कळशीतच ठेवली, कारण एवढ्या फुलांना पुरेल असं दुसरं भांडं घरात नव्हतं.

"तुमच्या पोरानं माझ्या पोरीचं कल्याण केलं," आबा म्हणाले. "ते सांगायला आलो. फोनवर सांगायची गोष्ट न्हाई ही."

"अहो, घरी आला की नुसतं गणित, गणित," कस्तुराबाई म्हणाल्या. "मला वाटलं, कंपनीनं परीक्षा लावलीय की काय. मग एकदा नाव निघालं तोंडातनं. तवा उमगलं कसलं गणित हाय ते."

सुदर्शन चहाचे कप घेऊन दारातच थबकला. आबांनी त्याच्याकडं बघितलं, मग पोरीकडं. कुणी काही बोलेना. म्हाळसाच्या मनात आलं, आता कुणीतरी बोलायला पाहिजे, आणि दरवेळी दुसऱ्यानंच का बोलावं?

"आबा," ती म्हणाली, "मला या घरात यायचंय. कोर्स पुरा झाल्यावर. तुमची आन् यांची ना नसली तर."

सुदर्शननं कप उंबऱ्यावरच ठेवले. कस्तुराबाईंनी पदर ओठांना लावला. आबांनी पेढ्याचा पुडा सोडला, एक पेढा काढला, अर्धा मोडून तोंडात टाकला. सावकाश चावला.

"वर्षभर थांबशील का रे?" त्यांनी सुदर्शनला विचारलं.

"थांबतो, आबा."

"मग उरलेला अर्धा तू खा," ते म्हणाले, आणि पेढा त्याच्या हातावर ठेवला. कस्तुराबाईंना त्यांनी हात जोडले. "पुढच्या बोलण्याला पाहुण्यारावळ्यांना घेऊन येतो. रीतीनं." मग चपला घालता घालता कुणाकडंही न बघता म्हणाले, "सव्वापाचची गाडी हाय. मी होतो पुढं. तू ये सावकाश."

उन्हं कलली होती. रेल्वेच्या भिंतीला लागून दोघं स्टँडकडं चालत निघाली. मधे दोन हातांचं अंतर होतं, मग एका हाताचं झालं. एक मालगाडी धडधडत गेली आणि तिचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत दोघांना बोलता आलं नाही, याचं दोघांनाही बरंच वाटलं.

"मी सांगणार होतो," सुदर्शन म्हणाला. "पाठ केलं होतं. आईसमोर, आबांसमोर... सगळं ठरवून ठेवलेलं. आणि माझ्या आधी तू..."

तो थांबला. म्हाळसाही थांबली. एवढे महिने तो तिला 'तुम्ही' म्हणत आला होता.

"काय म्हणालात?"

"काही नाही. चुकून..."

"चुकून न्हाई. परत म्हणा."

सुदर्शननं इकडंतिकडं बघितलं. रस्ता रिकामाच होता. "तू," तो म्हणाला. आणि मग, आता निघालंच आहे तर, हळू आवाजात सगळं म्हणाला. "तू आवडतेस मला. त्या पहिल्या दिवसापासून. तू मला एवढं दिलंस, म्हाळसा... कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं मला कधी वाटलंच नव्हतं."

म्हाळसानं त्याच्याकडं बघितलं. तिला वाटलं होतं, देणं सगळं एकाच बाजूनं झालं. ते तसं नव्हतं हे तिला आत्ता कळत होतं.

"मला बी तू आवडतोस," ती म्हणाली. "तू" म्हणताना जीभ जरा अडखळली, पण मागं फिरली नाही. मग तिनं हात पुढं केला, आणि तेलाचे काळसर डाग असलेली त्याची बोटं आपल्या बोटांत घेतली. सव्वापाचला अजून वीस मिनिटं होती.